माडाचा शेंडा आणि आंब्याची साल

मांडवीच्या काठी वसलेल्या आमच्या आमोणे गावात, किंबहुना साऱ्या डिचोली तालुक्यात, परसात एखादा माड आणि एखादे आंब्याचे झाड नाही असे घर विरळाच सापडेल. ही दोन झाडे आपण जन्मापासून पाहत आलो आहोत. मंडपाला माडाच्या झावळ्या लागतात, तोरणाला आंब्याची पाने लागतात. झावळ्यांच्या रविवारी आम्ही ख्रिस्ती लोक चर्चमध्ये नेतो तीही माडाचीच कोवळी, पिवळसर पाने. इतक्या निकटच्या परिचयामुळेच की काय, ही दोन झाडे आतून एकमेकांपासून किती निराळी आहेत याचा विचार सहसा आपल्या मनाला शिवत नाही.

आजच्या भाषणासाठी मी वनस्पतींच्या ऊती हा विषय घेतला आहे. शालेय पुस्तकातील हा धडा विद्यार्थ्यांना बहुधा नावांची एक रुक्ष यादी वाटतो आणि परीक्षा संपली की ती यादीही विस्मरणात जाते. परंतु झाड कोणती जखम सोसू शकते आणि कोणती नाही, कोणत्या झाडाचे कलम होते आणि कोणत्याचे होत नाही, या सर्व प्रश्नांची उत्तरे ऊतींच्या रचनेत आहेत. गोमंतकीयांना तर हा विषय कायद्याच्या निमित्ताने एकदा फार जवळून भिडला आहे.

झाड तोडण्यापूर्वी अनुमती घेतली पाहिजे, असे बंधन घालणारा 'गोवा, दमण व दीव वृक्ष संरक्षण कायदा' १९८४ सालचा आहे. जानेवारी २०१६ मध्ये विधानसभेने त्यात दुरुस्ती केली आणि माड वृक्षाच्या व्याख्येबाहेर गेला. माडाला फांद्या नसतात, शास्त्राच्या दृष्टीने तो गवताच्या जवळचा आहे, असा युक्तिवाद त्या वेळी कानावर आला. आणि 'माड आता झाड नव्हे, गवत' ही बातमी गोव्याबाहेरही गाजली. पुष्कळ वादविवाद झाला. पुढे २०१७ साली माडाला वृक्ष म्हणून पुन्हा कायद्याचे संरक्षण मिळाले. कायद्याची चिकित्सा करणे हे माझे काम नव्हे. परंतु माडाला फांदी का नसते, आणि ती नसण्याचा अर्थ काय, हे सांगणे शिक्षकाच्या कक्षेत येते. तेवढेच आज करावयाचे आहे.

प्रथम थोडे इतिहासाकडे वळू. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने हिंदुस्थानातील औषधी द्रव्यांवर संवादरूपाने लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात नारळावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. माडाचे उपयोग त्याने बारकाईने पाहिले होते. परंतु माडाच्या अंतरंगात त्याची दृष्टी पोहोचणे शक्य नव्हते, कारण सूक्ष्मदर्शक यंत्र अद्याप जन्माला यायचे होते. शंभर वर्षांनी, १६६५ साली, रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि त्यात मधाच्या पोळ्यासारखी लहान लहान घरे त्याला दिसली. त्या घरांना आज आपण पेशी म्हणतो. त्यानंतर वीस वर्षांच्या आत इटलीतील माल्पीगी आणि इंग्लंडातील ग्रू या दोघांनी खोड, मूळ व पान यांच्या रचनेवर स्वतंत्रपणे मोठे ग्रंथ लिहिले. झाडाच्या ज्या भागात नव्या पेशी निर्माण होतात त्याला स्वित्झर्लंडच्या नेगेली या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५८ साली नाव दिले. मराठीत आपण त्या भागाला 'विभाजी ऊती' म्हणतो.

ऊती म्हणजे काय? एकाच मुळापासून निपजलेल्या आणि एकत्र राहून ठरावीक कार्य करणाऱ्या पेशींचा समूह म्हणजे ऊती. वनस्पतींच्या ऊतींचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. ज्यांच्या पेशी सतत दुभंगून नव्या पेशी निर्माण करतात त्या विभाजी ऊती. आणि ज्यांच्या पेशींनी दुभंगणे सोडून एखादे नेमून दिलेले काम पत्करले आहे त्या स्थायी ऊती.

प्राण्यात आणि वनस्पतीत येथेच एक मोठा भेद आहे. लहान मूल वाढते तेव्हा ते सर्वांगाने वाढते. झाड तसे वाढत नाही. त्याची उंची केवळ शेंड्यांना वाढते, मुळाची लांबी केवळ मुळाच्या टोकाशी वाढते. आंब्याच्या खोडावर छातीच्या उंचीवर कोणी आपले नाव कोरले, तर वीस वर्षांनी झाड घराहून उंच झाले तरी ते नाव छातीच्याच उंचीवर राहते. अक्षरे रुंद होतात, वर मात्र सरकत नाहीत. याचे कारण हेच की, उंची वाढविणारी विभाजी ऊती शेंड्यात असते. आणि जाडी वाढविणारी विभाजी ऊती सालीखाली एका पातळ थराच्या रूपाने असते. या दुसऱ्या थराला 'ऊतककर', म्हणजे ऊती निर्माण करणारा थर, असे नाव आहे. आपण त्याला वाढीचा थर म्हणू. बांबू, गवत यांच्यासारख्या वनस्पतींत पेरांच्या बुडाशीही अशी ऊती असते. म्हणूनच गुरांनी शेंडा खाल्लेले गवत चार दिवसांत पुन्हा उंच होते.

विभाजी ऊतीतील पेशी लहान, पातळ भिंतींच्या आणि जीवनरसाने भरलेल्या असतात. एक पेशी दुभंगली की दोहोंपैकी एक पुन्हा दुभंगण्यासाठी जागच्या जागी राहते, दुसरी मागे पडते. मागे पडलेली पेशी प्रथम फुगते, लांबते. नंतर तिची भिंत जाड किंवा कठीण होते, आणि शेवटी ती आपल्या जागेला उचित असे रूप धारण करते. शेंड्यापाशी बाहेरच्या बाजूला पडली तर ती अपित्वचेची पेशी होते, आत पडली तर पाणी वाहणारी किंवा अन्न वाहणारी होते. सर्व पेशींची आनुवंशिक पुंजी सारखीच असते. परंतु तिला मिळालेली जागा आणि शेजारच्या पेशींकडून येणारे रासायनिक संकेत यांवर तिचे भवितव्य ठरते.

आता या स्थायी ऊतींची कामे पाहू, आणि त्यासाठी माडाहून चांगले उदाहरण शोधण्याचे कारण नाही. माडाच्या पानावर जो तकतकीत थर दिसतो ती अपित्वचा. तिच्यावरील मेणासारखे आवरण पाणी उडून जाऊ देत नाही, आणि तिच्यातील सूक्ष्म पर्णरंध्रांतून हवेची ये-जा चालते. पानाच्या आतील हिरव्या पेशी सूर्यप्रकाशात साखर तयार करतात. त्या मूल ऊतीच्या पेशी होत. झावळ्यांच्या रविवारचे कोवळे पान पिवळसर का असते, तर ते शेंड्यात मिटलेले असते आणि प्रकाश न मिळाल्यामुळे त्यातील हरितद्रव्य अजून तयार झालेले नसते. पानाचा हीर ताठ उभा राहतो, सोडणातून काथ्या निघतो, करवंटी दगडाने फोडावी लागते, या तिन्ही ठिकाणी दृढ ऊतीचे कार्य आहे. तिच्या पेशींच्या भिंती इतक्या जाड होतात की शेवटी आतील जीव नाहीसा होतो आणि भिंतच तेवढी उरते. मांडवीतून एके काळी चालणाऱ्या होड्यांचे दोर ज्या काथ्याचे वळले जात, तो काथ्या म्हणजे अशा मृत पेशींच्या भिंतीच होत.

हीच गोष्ट पाणी वाहणाऱ्या ऊतीची. मुळांनी शोषलेले पाणी पानांपर्यंत नेणारी जलवाहिनी लांब पेशींची बनलेली असते. या पेशी जिवंत असेपर्यंत त्यांच्यातून पाण्याचा प्रवाह वाहू शकत नाही. भिंती मजबूत झाल्या, आतला जीवनरस नाहीसा झाला, एकीवर एक असलेल्या पेशींमधील आडपडदे गेले, म्हणजे मग पोकळ नळी तयार होते आणि पाणी वर चढू लागते. पानांतून पाण्याची वाफ होते आणि तिच्या ओढीने खालचा स्तंभ वर खेचला जातो. जे लाकूड आपण तुळईला आणि दाराला वापरतो, ते बहुतांशी आपले काम मरणोत्तर करणाऱ्या पेशींचे बनलेले असते.

अन्न वाहणारी रसवाहिनी मात्र जिवंत पेशींची असते. पानांनी केलेली साखर ती मुळांकडे, फळांकडे, शेंड्याकडे पोहोचविते. या रसवाहिनीची ओळख गोमंतकात कोणाला करून द्यावी लागू नये. कारण रेंदेर माडाच्या पोयीतून जी सूर काढतो ती रसवाहिनीतून येणारीच होय. न उमललेली पोय बांधून, ठोकून तिचे टोक कापले की नारळाच्या फळांसाठी निघालेली साखर भांड्यात ठिबकू लागते. ताज्या सुरेत शेकडा १२ ते १५ भाग साखर असते. रेंदेर रोज दोन-तीन वेळा पोयीचा पातळसा काप का काढतो? रसवाहिनी कापली गेली की झाड आपण होऊन तिची तोंडे बुजवू लागते. नवा काप काढल्याखेरीज प्रवाह चालू राहत नाही. ऊतीचे नाव न वाचताही तिचा स्वभाव ओळखणारी ही विद्या आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे.

येथवर सांगितले ते माड आणि आंबा या दोहोंना लागू आहे. आता दोघांच्या वाटा वेगळ्या होतात.

आंबा द्विबीजपत्री आहे. त्याच्या खोडात वाढीचा थर सालीखाली सर्व बाजूंनी अखंड पसरलेला असतो. हा थर आतल्या अंगाला जलवाहिनीच्या पेशी टाकतो, त्यांचे लाकूड होते. बाहेरच्या अंगाला रसवाहिनीच्या पेशी टाकतो, त्यांची अंतर्साल होते. त्यामुळे आंब्याला वर्षानुवर्षे नवे लाकूड आणि नवी साल मिळत राहते. फांदी तोडली, कुऱ्हाडीचा घाव बसला, तरी कडेच्या जिवंत पेशी दुभंगून जखमेवर ओठासारखी कड चढवितात आणि घाव फार मोठा नसेल तर काही वर्षांत तो झाकून टाकतात. शिवाय आंब्याला शेंडे अनेक आणि पानांच्या बेचक्यांत व सालीखाली निद्रिस्त डोळेही अनेक. एक शेंडा गेला तर दहा फुटतात.

परंतु आंब्याचे मर्मस्थानही याच रचनेत आहे. सालीची अरुंदशी पट्टी खोडाभोवती पूर्ण वळसा घेऊन काढली, तर रसवाहिनीचा मार्ग तुटतो. पाणी वर जात राहते, पाने काही काळ हिरवी दिसतात. म्हणून झाडाला काही झाले नाही असे वाटते. मात्र मुळांना अन्न मिळेनासे होते, साठा संपतो, आणि मुळे मेली की वरचे सारे झाड वाळते. साल काढलेल्या जागेच्या वरच्या बाजूला फुगवटा येतो, हे माल्पीगीने सतराव्या शतकातच पाहून ठेवले होते. कुंपणाची तार झाडाला घट्ट गुंडाळून वर्षानुवर्षे तशीच ठेवली, तर खोड जाड होताना ती सालीत रुतते आणि परिणाम तोच होतो. केवळ सावकाश होतो. तार बांधणाऱ्याच्या मनात झाड मारावयाचे नसते, एवढाच काय तो फरक.

आंब्याच्या याच वाढीच्या थराने गोव्याच्या आंब्याला कीर्ती मिळवून दिली. कोय लावून केलेले झाड आईसारखे निघेलच याची खात्री नसते. पोर्तुगीज अमदानीत येथे आंब्याची कलमे बांधण्याची कला रुजली. तिचे श्रेय सामान्यतः येशुसंघाच्या पाद्र्यांना दिले जाते. सतराव्या शतकात मानुची या इटालियन प्रवाशाने गोव्याच्या आंब्यांची थोरवी गाइली आणि माणसांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या जातींची नोंद केली. कलमात घडते ते इतकेच: खुंटाचा काप आणि कलमकाडीचा काप एकमेकांना घट्ट बसविले की दोन्हीकडच्या जिवंत पेशी दुभंगून मधली फट भरून काढतात, मग दोन्हींचे वाढीचे थर एकमेकांना मिळतात आणि जलवाहिनी व रसवाहिनी सलग होतात. म्हणून कलम बांधणारा कुशल माणूस काडी खुंटाच्या सालीला साल जुळवून बसवितो. लाकडाला लाकूड आणि सालीला लाकूड असे झाले तर कलम जगत नाही. २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालेला आपला मानकुराद कलमांमुळेच मानकुराद राहिला. आज डिचोलीत, पेडण्यात किंवा बार्देशात मानकुरादाची जी कलमे उभी आहेत, ती एका परीने जुन्याच झाडांचे जिवंत तुकडे होत.

वर्गातील मुले यावर विचारतात, मग उत्तम माडाचे कलम का बांधत नाहीत? प्रश्न रास्त आहे, आणि त्याच्या उत्तरात माडाची सारी कहाणी आहे.

माड एकबीजपत्री आहे. त्याच्या खोडात जलवाहिनी आणि रसवाहिनी यांचे जुडगे वेगवेगळे, हजारोंच्या संख्येने सर्वत्र विखुरलेले असतात. बाहेरच्या बाजूस दाट, मध्यभागी विरळ. सालीखाली अखंड असा वाढीचा थर त्याला नाही. रोप लहान असताना पहिली काही वर्षे शेंड्याखालील भाग रुंद होत जातो आणि खोडाची जाडी तेथेच बहुतांशी ठरते. मग माड वर चढू लागतो. म्हणून माडाचा बुंधा आंब्यासारखा वर्षानुवर्षे सुटत नाही. जुळवावयाचा थरच नाही, मग वाढलेल्या माडाचे कलम जुळणार कसे? एकबीजपत्री वनस्पतींच्या अगदी गर्भावस्थेतील कोवळ्या भागांचे कलम जुळू शकते, असे केंब्रिजच्या संशोधकांनी २०२१ च्या अखेरीस दाखविले आहे. परंतु परसातल्या फळत्या माडाला त्याचा उपयोग नाही.

वाढीचा थर नाही याचा दुसरा अर्थ असा की, माडाला जुनी रसवाहिनी टाकून नवी करता येत नाही. आंब्याची अंतर्साल वरचेवर नवी होते. माडाच्या बुंध्यातील रसवाहिनीच्या पेशी मात्र जन्मभर त्याच. साठ-सत्तर वर्षांच्या माडाच्या बुडातील या जिवंत पेशी जवळजवळ त्या माडाच्याच वयाच्या असतात. वनस्पतींतील सर्वांत दीर्घायुषी पेशींत ताडमाडांच्या पेशींची गणना होते. तसेच, चढण्यासाठी बुंध्यावर घातलेल्या खाचा माड कधीच भरून काढत नाही. आपल्या आजोबांच्या वेळची खाच नातवाला जशीच्या तशी दिसते. माड हा घाव सोसतो, कारण त्याच्या वाहिन्या खोडभर विखुरलेल्या आहेत आणि एका बाजूच्या तुटल्या तरी बाकीच्या काम करीत राहतात. परंतु तो बरा करू शकत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेंड्याची. सामान्यतः माडाला वाढीचा शेंडा एकच. झावळ्यांच्या मुळाशी, अनेक मिटलेल्या पानांच्या आवरणात, एक लहानसा मऊ पांढरा गाभा असतो. त्याच्या टोकाशी माडाची विभाजी ऊती बसलेली आहे. तेथूनच महिन्याकाठी सुमारे एक नवे पान बाहेर पडते, प्रत्येक पानाच्या बेचक्यात पुढे एक पोय येते, आणि त्या पोयीला नारळ धरतात. आपल्या घरातील खोबरे, तेल, काथ्या, झावळ्या हे सारे त्या गाभ्याच्या टोकापासून निघालेले आहे. क्वचित दोन-तीन फाटे फुटलेला माड आढळतो आणि लोक तो पाहावयास जातात. पण तो अपवादच. पानांच्या बेचक्यांतील डोळ्यांची माडाने पोयी करून टाकली आहे. राखीव असे त्याच्याजवळ काही उरत नाही. शेंडा कुजला, गेंड्या भुंग्याने पोखरला किंवा वीज पडून जळला, तर बुंधा कितीही धडधाकट असला तरी तो माड संपला.

फांदी नाही म्हणजे काय, ते आता ध्यानात येईल. फांदी नसणे म्हणजे दुसरी संधी नसणे. गवताशी माडाचे दूरचे नाते आहे हे खरे, दोन्ही एकबीजपत्री. परंतु गवत कापले की पुन्हा फुटते, बांबूचे बेट कापले तरी जमिनीखालच्या डोळ्यांतून नवे कोंब येतात. योगायोग असा की, ज्या २०१७ साली माड पुन्हा कायद्याने वृक्ष ठरला, त्याच साली केंद्र सरकारने १९२७ च्या भारतीय वन कायद्यात दुरुस्ती करून बांबूला वृक्षाच्या व्याख्येतून वगळले, जेणेकरून शेतकऱ्याला आपल्या जमिनीतील बांबू तोडणे व नेणे सुलभ व्हावे. बांबूच्या बाबतीत ऊतींची साक्ष या सवलतीच्या बाजूने आहे, कारण तो पुन्हा येतो. माड पुन्हा येत नाही. एकाच वर्गातील दोन वनस्पती. परंतु एकीजवळ जमिनीखाली अनेक डोळे आणि दुसरीजवळ आकाशात एकच गाभा.

'वृक्ष' हा शब्द वनस्पतिशास्त्रात कोणत्याही एका कुळाचे नाव नाही. उंच, काष्ठमय, बहुवर्षायू अशी देहरचना कोणत्याही कुळात उद्भवू शकते. तेव्हा माड शास्त्राप्रमाणे झाड नव्हे, असे म्हणणे शास्त्राच्या तोंडी भलतेच घालण्यासारखे आहे. शास्त्र एवढेच सांगते की, माडाची ऊतिरचना आंब्याहून निराळी आहे. आणि तिच्यावरून निष्कर्ष काढावयाचा तर तो असा की, माडाला संरक्षण कमी लागत नाही, अधिक लागते.

याला आणखी एक कारण आहे. आंब्याची उत्तम जात कलमाने टिकते. माड मात्र नारळापासूनच करावा लागतो, आणि प्रत्येक नारळ हा स्वतंत्र जीव. भरघोस धरणारा, रोगाला दाद न देणारा एखादा मातृवृक्ष तोडला, तर त्याची हुबेहूब नक्कल आपल्याजवळ राहत नाही. प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने केळीची लक्षावधी रोपे होतात आणि जळगावचा शेतकरी ती लावतो. माडाचे ऊतिसंवर्धन मात्र फार बिकट ठरले आहे.

यात एक नवलाची गोष्ट आहे. ऊतिसंवर्धनाच्या शास्त्राला आरंभीच्या काळात ज्या द्रव्यांनी हात दिला त्यांत नारळाचे पाणी होते. नारळाचे पाणी म्हणजे कोवळ्या गर्भाच्या पोषणासाठी साठविलेला द्रव. त्यात पेशींना दुभंगावयास लावणारी द्रव्ये असतात. १९४१ साली अमेरिकेत व्हॅन ओव्हरबीक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धोतऱ्याचे अगदी कोवळे गर्भ नारळाच्या पाण्यावर वाढविले. १९५८ साली स्ट्यूअर्ड यांनी नारळाचे पाणी घातलेल्या पोषक द्रवात गाजराच्या सुट्या पेशींपासून संपूर्ण रोपे मिळविली, आणि स्थायी झालेली पेशीही अनुकूल परिस्थितीत पुन्हा आरंभापासून झाड घडवू शकते, हे जगाला पटले. आपल्या शेजारी पुण्यात, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, नाडगौडा, पराशरामी आणि मस्कारेन्हस या संशोधकांनी बांबूच्या रोपांना काचेच्या पात्रातच फुलोरा आणला. एरव्ही बांबू फुलावयास अनेक दशके लागतात. १९९० साली हे संशोधन प्रसिद्ध झाले तेव्हा जगभर त्याची चर्चा झाली. त्यांच्या पोषक माध्यमातही नारळाचे पाणी होते. ज्या माडाच्या फळातील पाण्याने इतर वनस्पतींच्या पेशी नव्याने दुभंगू लागतात, त्या माडाला स्वतःची जखम भरता येत नाही.

श्रोतेहो, ऊतींचे हे ज्ञान परसात उपयोगी पडावे म्हणून चार गोष्टी सांगून मी आपली रजा घेतो. आंब्याला तार, दोरी, दिव्यांच्या माळा घट्ट बांधू नयेत. बांधल्याच तर वर्षाच्या आत सोडाव्यात, आणि बुंध्याभोवती साल सोलली जाईल असे काही करू नये. माडाच्या बुंध्यात विनाकारण खिळे ठोकू नयेत आणि नव्या खाचा घालू नयेत. तो त्या कधी भरून काढणार नाही. पावसाळ्यात माडाच्या शेंड्याकडे विशेष लक्ष द्यावे. नव्या पानावर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी छेद दिसले तर गेंड्या भुंगा शेंड्यात शिरला आहे असे समजावे. पाडेलीला वर चढवून आकड्याच्या तारेने तो काढून घ्यावा, आणि वरच्या पानांच्या बेचक्यांत वाळू व निंबोळी पेंड भरावी. हा भुंगा शेणखताच्या खड्ड्यात वाढतो. तेव्हा खड्डा वरचेवर उपसून अळ्या नष्ट कराव्यात. मधले मिटलेले पान पिवळे पडून हाताने ओढताच निघून आले तर शेंडा कुजू लागला आहे. अशा वेळी आठवडाभर वाट पाहणे म्हणजे माड गमावणे होय. जुन्या गोव्यात एला येथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, तालुक्यात विभागीय कृषी कार्यालय आहे, तेथे विचारावे.

आणि तोडण्याचा प्रसंग आलाच, घरासाठी, रस्त्यासाठी किंवा कारखान्यासाठी, तर अनुमतीच्या कागदाबरोबर एक हिशेबही मनाशी करावा. आंबा तोडण्यापूर्वी त्याची कलमे बांधून ठेवता येतात. माडाच्या बाबतीत तशी सोय नाही. त्याचे निवडक नारळ रोपांसाठी आधी काढून ठेवावेत आणि त्यांतील उत्तम रोपे पावसाच्या आरंभी लावावीत; ती आईसारखी होतीलच असे नाही, परंतु तिच्या वंशाची होतील. हे ज्याने केले नाही त्याला माड तोडण्याची घाई करण्याचा अधिकार नाही, असे मला वाटते.